नाटक तेलुगू, नट कोणाचे?

गेल्या वार्षिक सभेत एक सूचना आली आणि ती दहा मिनिटांत निकालात निघाली. यंदाच्या स्नेहसंमेलनास मुंबई-पुण्याकडून विनोदी प्रहसनांची मंडळी न आणता हैदराबादच्या सुरभी नाटक मंडळीचा एक प्रयोग आदिलाबादेस ठेवावा, एवढीच ती सूचना होती. ती आमचीच असल्याने तिचा पराभव आम्हांस लागला, हे प्रारंभीच कबूल करून टाकतो. परंतु पराभवाहून एका ज्येष्ठ सभासदांचे वाक्य अधिक लागले. ‘मराठी संस्थेत तेलुगू नाटक कशाला?’ असे ते म्हणाले आणि सभेने माना डोलावल्या. उत्तर देण्यास अवसर मिळाला नाही, कारण पुढचा विषय जमाखर्चाचा होता आणि चहा निवत चालला होता. ते राहिलेले उत्तर या अंकात देत आहोत. सरकारी नोकरीत आमची हयात टिपण्या लिहिण्यात गेली; हा लेखही टिपणीच्या वळणावर गेला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम ही मंडळी कोण, ते सांगितले पाहिजे. कारण सभेत माना डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक नव्हते, असा आमचा समज आहे. कडप्पा जिल्ह्यात सुरभी नावाचे गाव आहे. तेथे १८८५ मध्ये वनारस गोविंदराव आणि त्यांच्या कुटुंबीयांनी ‘कीचकवधम्’ हे नाटक केले आणि गावाचे नाव मंडळीला चिकटले ते आजतागायत. त्यापूर्वी हे घराणे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत असे. पडद्यामागे दिवा, पडद्यावर रामायण-महाभारताच्या सावल्या आणि सोबत गाणे, असा तो खेळ. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर मंडळी असा खेळ अजून करतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १८८० च्या सुमारास धारवाडकडच्या नाटक मंडळ्या तेलुगू मुलखात फिरून गेल्या आणि तेथे रंगमंचावरच्या नाटकाचे वेड लागले. त्या वाऱ्यात हे बाहुलेवाले स्वतःच रंगमंचावर चढले. तेव्हापासून १४० वर्षे झाली. आजोबांचा कृष्ण बापाकडे, बापाचा कृष्ण नातवाकडे, असा तो खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

आणि हे घराणे मूळचे मराठी आहे. मराठी मुलखातून दक्षिणेत उतरलेल्या आणि तिकडेच रुजलेल्या कुटुंबांपैकी ते एक. तेलुगूत मराठी माणसाला ‘आरे’ म्हणतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. सुरभीच्या घरांतून जी बोली चालत आली, तीही ‘आरे’ मराठीच. रंगमंचावर शुद्ध तेलुगू पद्य आणि विंगेत मोडकीतोडकी मराठी, असा हा संसार आहे.

हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी कानांनी ऐकले. नव्वदीच्या दशकात काही काळ आमची नेमणूक राजधानीत होती. एका शनिवारी सहकाऱ्याच्या आग्रहाखातर सार्वजनिक बागेतील ललित कला तोरणम् येथे ‘मायाबाजार’ पाहावयास गेलो. घटोत्कचाच्या मायेने ताटे आपोआप रिकामी होत होती, लाडू हवेतून तोंडात जात होते, लक्ष्मणकुमाराची फजिती चालली होती, आणि शेजारचा एक वृद्ध तेलुगू गृहस्थ डोळे पुसून पुसून हसत होता. मध्यंतरात पाय मोकळे करावयास बाजूने मागे गेलो. तेथे एक वयस्क बाई, जी काही वेळापूर्वी रंगमंचावर होती, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला शेला बांधीत होती. ती त्याला जे दटावीत होती त्यातले चारपाच शब्द आम्हांला थेट कळले. उच्चार निराळे, शेवटचे हेल तेलुगू, पण शब्द आमच्या आजीच्या तोंडचे. आम्ही मराठीत विचारले, तुम्ही कोण? ती हसली आणि तेलुगूत म्हणाली, आम्ही सुरभी. मग त्या मुलाला प्रवेशासाठी पुढे ढकलून ती पुढच्या पडद्याची दोरी धरावयास निघून गेली.

ही दोरी महत्त्वाची आहे. सुरभी का टिकली, याचे कारण त्या दोरीत सापडते. जी बाई यशोदा होते, तीच पडदा ओढते. जो दुपारी तारा बांधतो आणि सुतारकाम करतो, तोच रात्री कंस होतो. पेटी वाजविणारा घरचा, पडदे रंगविणारा घरचा, रंगभूषा करणारी घरची, तिकिटे फाडणाराही घरचाच. मूल चालू लागले की बाळकृष्ण होते, थोडे मोठे झाले की प्रल्हाद किंवा लव-कुश, आवाज फुटला की काही वर्षे पडद्यामागे, आणि मिशी आली की रंगमंचावर परत. सहा महिने एका गावी मांडव ठोकावयाचा, त्याच्या मागेच बिऱ्हाडे थाटावयाची, गाव कंटाळले की सामान बांधून पुढे जावयाचे. मुलामुलींची लग्ने झाली तशा नव्या मंडळ्या फुटल्या. एके काळी अशा तीसहून अधिक मंडळ्या तेलुगू मुलखात फिरत होत्या. आज त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

आता याच्या शेजारी आपल्या अभिमानाच्या मंडळ्या ठेवून पाहू. आमच्या मनात त्यांच्याविषयी तिळमात्र अनादर नाही. लहानपणी रेडिओवर नाट्यसंगीत लागले की आमच्या घरात भांड्यांचा आवाज बंद होत असे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ मध्ये देवलांचा ‘संशयकल्लोळ’ त्या मंडळीने रंगमंचावर आणला आणि गणपतराव बोडसांच्या फाल्गुनरावाने महाराष्ट्र हसविला. विनोद आणि संगीत इतके एकजीव झालेले दुसरे नाटक मराठीत विरळा. पण त्या मंडळीचे पुढे काय झाले? सारा डोलारा एका अद्वितीय कंठावर उभा होता. भरजरी शालू, अत्तरे, पगारी नट, पगारी वादक, पगारी आचारी. बोलपटाची लाट आली, कर्जाने गळ्याशी फास आणला आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्वांना ‘धर्मात्मा’ चित्रपटात उभे राहावे लागले. पुरुषांनीच स्त्रीभूमिका करावयाच्या या रीतीमुळे नटांच्या बायका घरी आणि मंडळी गावोगावी, अशी फाळणी होती. सुरभीत घरच्या बायका प्रारंभापासून रंगमंचावर आहेत. त्यामुळे मंडळी आणि घर या दोन गोष्टी तेथे कधी वेगळ्या झाल्याच नाहीत, आणि एक नट म्हातारा झाला म्हणून मंडळी बसली असेही झाले नाही.

मराठीत ज्या मंडळ्या दीर्घकाळ टिकल्या, त्यांचेही कारण हेच दिसते. ललितकलादर्श केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये हुबळीस काढली. १९२१ मध्ये ऐन एकतिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा बापूराव पेंढारकरांनी ती उचलली. १९३७ मध्ये बापूराव गेले. १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन उभे राहिले, आणि पुढे ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ यांनी संगीत नाटकाला दुसरे आयुष्य दिले. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र ज्ञानेश गाऊ लागले. (भालचंद्र पेंढारकरांचा जन्म १९२१ मध्ये हैदराबादेत झाला, ही गोष्ट आपल्या मंडळींनी अधिक मिरवावयास हरकत नाही.) जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली; पती, पत्नी, दोन मुली, सारे घर रंगमंचावर. कीर्ती शिलेदार २०२२ मध्ये गेल्या तोवर त्या घराने सत्तर वर्षे संगीत नाटक खांद्यावर वाहिले. थोडक्यात, जेथे नाटक घरात मुरले तेथे ते राहिले.

२०१३ साली जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यात आनंद झाला, भाषणे झाली, आणि ते योग्यच होते. त्याच वर्षीच्या यादीत सुरभीचे रेकंदार नागेश्वरराव, ज्यांना सारे बाबजी म्हणत, यांचेही नाव होते. मूळ मराठी, राहणार आपल्याच राजधानीत, आणि पद्मश्री तीच. त्यांच्यासाठी आपल्यापैकी कोणी एक ओळही लिहिली नाही. आम्हीही लिहिली नाही. तेव्हा या आरोपातून आम्ही स्वतःस वगळीत नाही.

असे का झाले? ‘भाषा तेलुगू’ हे सभेत दिलेले कारण आम्हांस पटत नाही, आणि ते का पटत नाही ते सांगतो. तंजावरच्या भोसल्यांचा उल्लेख आपल्या प्रत्येक समारंभात होतो. शाहजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’आधी दीडशे वर्षे लिहिली, हे सांगताना आपली छाती फुगते. त्याच शाहजीराजांनी तेलुगूतही नाट्यप्रबंध लिहिले; तेलुगू वाङ्मयाच्या इतिहासात ते मानाने नोंदले आहेत. म्हणून राजे मराठी उरले नाहीत असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. उलट त्यांच्या तेलुगू लेखनाचाही आपण मराठ्यांच्या खात्यावर जमाखर्च घालतो. मग राजाने तेलुगूत लिहिले तर तो मराठी वैभवाचा भाग, आणि बाहुलेवाल्याने तेलुगूत अभिनय केला तर तो परका, हा कोणता न्याय? स्पष्टच लिहितो: आडवी येते ती भाषा नसून जात आणि पायरी आहे. गावोगाव मांडव ठोकून पोट भरणारे हे लोक आपल्यातले आहेत असे म्हणावयास आपल्यातील देशमुखी-पाटीलकीची, कुलकर्ण्यांची घरे कचरतात. हीच घरे विठाबाई नारायणगावकरांचे नाव निघाले की विषय बदलतात. भाऊ-बापूंच्या फडातून विठाबाई आल्या, विठाबाईंच्या पोटी मंगला बनसोडे, त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव. गण, गवळण, बतावणी, वग यांतून विनोद आणि संगीत ज्या घराने चार पिढ्या जिवंत ठेवले, त्याला ‘घराणे’ म्हणताना आपली जीभ अडखळते. विठाबाई दिवस भरलेले असताना रंगमंचावर नाचल्या, मागे जाऊन प्रसूत झाल्या आणि दगडाने नाळ तोडून पुन्हा उभ्या राहिल्या, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तशीच कथा सुरभीच्या कमलाबाईंच्या जन्माची सांगतात. आई दमयंतीची भूमिका करीत होती, वेणा सुरू झाल्या, प्रेक्षकांना तो अभिनय वाटला, आणि पडद्यामागे कमलाबाई जन्मल्या. याच कमलाबाई ‘भक्त प्रह्लाद’ या पहिल्या तेलुगू बोलपटात लीलावती झाल्या. ज्या चित्रपटाने पुढे सुरभीचे मांडव ओस पाडले, त्याचा पाया सुरभीच्याच नटांनी घातला होता.

तंजावरची आणखी एक गोष्ट मनात येते. शाहजीराजांची नाटके आज सरस्वती महालात हस्तलिखितांच्या रूपाने सुखरूप आहेत. अभ्यासक येतात, उतरून घेतात, छापतात. पण ती कशी म्हटली जात, विदूषक कोणत्या जागी थांबत असे, हशा कोठे पडे, हे सांगणारा नट उरला नाही, कारण राजाश्रय संपला तेव्हा त्या नाटकांमागे नाटकावर पोट असलेले घर नव्हते. सुरभीची वही जीर्ण असेल, परंतु हशा कोठे पडतो हे तेथल्या आठ वर्षांच्या पोराला कळते.

आक्षेप आणखी आहेत. एक असा की, हे सारे जुनाट. तारांवर उडणारे नारद आणि अग्निबाण यांत कला ती कोणती? आम्ही म्हणतो, जरूर जुनाट. ‘सौभद्र’ तरी काल लिहिलेले नाही. आणि ज्यांना नवे हवे त्यांनी ब. व. कारंतांना आठवावे. लहानपणी गुब्बी कंपनीत वाढलेले आणि पुढे भारतीय रंगभूमीवर मोठे झालेले कारंत १९९६ मध्ये याच सुरभीच्या नटांसह काम करावयास आले. त्यांनी ‘भीष्म’ आणि ‘चंडीप्रिया’ बसविलीच, पण जर्मन नाटककार ब्रेख्तचे नाटकही हैदराबादच्या वस्तीत आणून ‘बस्ती देवता यादम्मा’ या नावाने त्यांच्याकडून करून घेतले. तारांवर उडणाऱ्यांना ब्रेख्तही जमतो, हे तेव्हाच सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यापुढे आम्ही काहीसे नमते घेतो. ज्या मुलाला चालता येऊ लागताच मुकुट चढवितात, त्याची शाळा कोण पाहतो? वंशपरंपरेने धंदा चालविणे म्हणजे मुलांच्या निवडीवर पाणी सोडणे नव्हे काय? हे खरे आहे. सुरभीच्या तरुणांपैकी पुष्कळ जण आज नोकऱ्या धरीत आहेत आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आम्ही स्वतः आमच्या मुलाला अभियंता केले आणि तो परदेशी गेला; सुरभीच्या मुलाने मात्र आमच्या करमणुकीसाठी कंसाची मिशी लावून मांडवात राहावे, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु वंशाचा धागा सुटला तरी शिक्षण चालू राहील अशी व्यवस्था करता येते, हे इतरत्र करून दाखविले आहे. पोलंडमध्ये बाल्टिक समुद्रावर ग्दिनिया नावाचे बंदर आहे. तेथे १९५८ मध्ये संगीत रंगमंदिर उभे राहिले. दानुता बादुश्कोवा नावाच्या बाईने १९६६ मध्ये त्याला जोडूनच गायक-नटांची शाळा काढली. तेथे शिकावयाचे आणि तेथेच रंगमंचावर उतरावयाचे. एक पिढी दुसरीला घडविते, रक्ताचे नाते असो वा नसो. आज ते रंगमंदिर त्या बाईच्याच नावाने ओळखले जाते. आपल्याकडे राज्य दोन झाली, संस्कृती खाती दोन झाली, पण सुरभीला जोडून अशी शाळा काढावी आणि तीत बाहेरच्या मुलांना घ्यावे, हा विचार नेटाने पुढे गेलेला दिसत नाही. सत्काराची शाल मात्र दोन्हीकडे स्वस्त आहे. नोकरीत असताना अशा शाली खरेदी करण्याच्या कागदांवर आम्हीही सह्या केल्या आहेत.

आता आपल्याविषयी. १९५६ मध्ये राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आमच्या वडिलांच्या पिढीने गणेशोत्सवात धोतरांचे पडदे बांधून नाटके केली. वडील सुभद्रा होत, मामा पेटी वाजवीत, आणि आदल्या दिवशी मिशी काढावयाची म्हणून आजी रुसून बसे. त्या नाटकांतून आम्ही मराठी शिकलो. शाळेत तर तेलुगू आणि उर्दू होते. आमच्या पिढीने दोन-तीन वेळा प्रयत्न केला आणि मग नोकऱ्यांच्या बदल्यांत ते सुटले. पुढची पिढी टाळ्या वाजविणारी झाली. गोव्यात देवळाच्या जत्रेला गावकरीच नाटक करतात. बापाने केलेली भूमिका मुलगा मागून घेतो, वाद्ये गावची, रुसवेफुगवे गावचे. तेथे मराठी नाटकाला प्रेक्षक शोधावे लागत नाहीत, कारण प्रत्येक घरातला एकतरी माणूस रंगमंचावर असतो. आपण मात्र वर्षातून एकदा दूरदर्शनवरच्या चेहऱ्यांना विमानाचे भाडे देतो, ते तासभर बायकांच्या जाडीवर आणि नवऱ्यांच्या दारूवर विनोद करतात, आपण छायाचित्रे काढून घेतो, आणि त्याला मराठी रंगभूमीची सेवा असे अहवालात लिहितो. आमची नात त्यांच्यातील निम्मे विनोद समजत नाही. ते बरेच म्हणावयाचे. ‘मायाबाजार’ तिला पहिल्या शब्दापासून कळेल, कारण तिची शाळेची तेलुगू आमच्यापेक्षा चांगली आहे. आणि प्रयोगानंतर मागे जाऊन तिने त्या नटांशी मराठीत बोलून पाहावे, त्यांच्या आरे बोलीतला एखादा शब्द पणजीचा निघतो का ते शोधावे, एवढीच आमची आशा आहे.

म्हणून तीच सूचना येत्या सभेत आम्ही पुन्हा मांडणार आहोत. या खेपेस तोंडी न मांडता रीतसर लेखी देऊ, दोन अनुमोदकांच्या सह्यांनिशी. प्रयोग कोणता व्हावा, मांडव कोठे घालावा आणि विजेची सोय कशी करावी, याचे टाचण सोबत जोडू. खर्चाचा प्रश्न निघेल. गेल्या वर्षीच्या विमानभाड्याचा आकडा जमाखर्चात छापलेलाच आहे, त्याच्याशी ताडून पाहावा. मंडळी मोठी असते, बायकामुलांसह येते, सामान ट्रकने येते. त्यांच्यापैकी दहा-बारा माणसांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था मावल्यास आमच्या घरी होईल. माडी रिकामीच आहे, आणि सौभाग्यवतींनी त्यास संमती दिली आहे. उरलेल्यांसाठी जागा देऊ शकतील अशा सभासदांनी सभेपूर्वी चिटणीसांकडे नावे द्यावीत.